गणपतीच्या वरती आईचं नाव

आमच्या घरात स्वयंपाकघर आणि छापखाना यांच्या मधे भिंत नव्हती, नुसता पडदा होता, आणि तोही बहुतेक वेळ खिळ्याला अडकवून ठेवलेला असायचा, कारण आईला दोन्हीकडे एकाच वेळी लक्ष ठेवावं लागे. पलीकडे छपाईचं ट्रेडल मशीन खटाक-घुर्र, खटाक-घुर्र चालायचं, अलीकडे कढईत सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, चुरचुरायच्या, आणि मला लहानपणी वाटायचं की सगळ्यांच्याच घरात शाईचा, रॉकेलचा आणि कोथिंबिरीचा वास असा एकत्र येतो. शाळेतल्या मैत्रिणीकडे पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा त्यांच्या भाकरीला शाईचा वास नव्हता, तर मला ती शिळी वाटली! आता पांढुर्ण्यात लग्नाचं आमंत्रण फोनवर येतं, त्यात गणपती नाचतो आणि पाकळ्या पडतात. बघून झालं की मी बोटानं पुसते. पुसता येतो असला कागद माझ्या आईला दाखवला असता तर ती हसून हसून खाली बसली असती.

आई आमच्या छापखान्याची जुळारी. म्हणजे शिशाचे खिळे, एकेका खिळ्यावर एकेक अक्षर, ते लाकडी केसच्या, म्हणजे खणाखणांच्या पेटीच्या, शंभर घरांतून उचलून डाव्या हातातल्या पट्टीत ओळीनं लावायचे, ही तिची कामगिरी. चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण अक्षर ती कागदावर शिकलीच नाही, शिशावर शिकली. शिशावर अक्षर आरशातल्यासारखं असतं आणि जुळारी ते अक्षराचं डोकं खाली, पाय वर असं वाचतो, त्यामुळे आईला सुलटं वाचायला जास्त वेळ लागे. सकाळी बाबा खुर्चीत बसून पेपर वाचायचे आणि आई समोर तांदूळ निवडत तोच पेपर उलटा वाचायची. बाबांच्या आधी तिचं पान संपायचं. मग ती म्हणायची, "अवो, पलटवा न आता. किती वेळ पाहून राहिले त्या एका पानाले!"

आणि तिची खरी कमाल होती मंगलाष्टकांत. आमच्याकडे लग्नात गुलाबी पातळ कागदावर छापलेली मंगलाष्टकं वाटतात, त्यात नवरानवरीसकट साऱ्या गोताची नावं ओवलेली असतात. मामा, मावशी, आजोबा, काका, कोणी सुटलं की आपण मेलोच. लोक बाबांच्या हाती नुसती नावांची यादी देऊन जायचे, आणि आई ती यादी केसवर टेकवून सरळ पट्टीतच कविता करायची. कागद नाही, पेन नाही. डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलताहेत, उजवा हात घरांवरून चिमणीसारखा टिपत चाललाय, आणि पट्टीत ओळ उभी: "गेली सासरला कळी उमलुनी, बाबा उभे अंगणी." मी विचारायची, आई, आधी लिहून का नाही घेत? ती म्हणायची, "बोटं चालली की सुचते बापा मले. बोटं थांबली की डोक्यात नुसता भाजीचा हिशोब येते."

कागदाच्या तळाशी मात्र एकच नाव असायचं, "मुद्रक : दामोदर", म्हणजे बाबा. मुद्रकाचं नाव छापायची पद्धतच होती. पण सौंसरपासून बोरगावपर्यंतच्या लोकांनी ते नाव वाचून ठरवून टाकलं की एवढं गोड लिहितो तो हाच माणूस. झालं! बाबा कविराज झाले. बाजारात कोणी तरी "या कविराज" म्हणे, बाबा मिशीत हसत, हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. मी भांडले की म्हणायचे, "मी कुठी सांगतलं कोणाले? लोकच म्हणून राहिले." आईला त्याचं हसूच यायचं. मला मात्र अंगाचा तिळपापड होई. सतरा-अठराचं वय, बी.ए.ला इंग्रजी घेतलेलं, आणि जगात जिथे अन्याय असेल तिथे आपण वेळेवर पोचलंच पाहिजे असं वाटायचे ते दिवस.

त्या आगीत तेल ओतलं आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी. त्या नागपूरहून पॅसेंजरनं यायच्या आणि गाडीत पुस्तक उघडलं की पांढुर्णा निघून जायचं, बाई पुढच्या स्टेशनला, तिगावला, उतरायच्या. तिथून कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून परत येत, केस उडालेले, पर्स छातीशी धरलेली, आणि वर्गात शिरल्याशिरल्या कालच्या वाक्याच्या पुढचं वाक्य सुरू. एकदा अशाच धुळीनं भरलेल्या आल्या आणि त्यांनी अठराव्या शतकातल्या इंग्लंडच्या छापखान्यांचं सांगितलं. तिथे बायका होत्या म्हणे छापखान्यात! मालकाच्या बायका, मुली कागद घड्या घालत, शिवत, काही तर खिळेसुद्धा जुळवत. त्यांचं नाव कुठेच नाही. नवरा मेला की मात्र विधवा छापखाना चालवायची आणि मग पुस्तकाच्या पहिल्या पानावर तिचं नाव यायचं. लिहिणाऱ्या बायका तर आणखी मजेदार. पुस्तकावर नावाच्या जागी "एका बाईने लिहिले" एवढंच, आणि सुरुवातीला पान-दीड पान माफी, की मी बाईमाणूस, मैत्रिणींनी आग्रह केला म्हणून हे धाडस. मी बाकावर अक्षरशः उडाले. हे तर आमच्या पडद्यापलीकडचं चाललंय!

धावत घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. ती खिळे जुळवत होती, गोळाभाताचं पातेलं मंद आचेवर होतं. ऐकता ऐकता तिचा हात थांबला नाही, पण भुवया वर वर जात राहिल्या.

"अन् आई, तिथं काही पुस्तकांत आधीच यादी छापत, कोण कोण हे पुस्तक घेणार त्यांची. मोठमोठ्या लोकांची नावं. नाव सुटलं की लोक रुसत असतील!"

"म्हणजे आत्याबाई तिथंबी होत्या," आई म्हणाली. आमच्या लग्नांत रुसणारी असते ती नेहमी आत्याच.

"हसू नको वं आई. त्या बायांची नावं तरी आली. तुझं कधी येणार?"

"काय म्हणे तुझी मॅडम? नवरा मेल्यावर?"

"हो, बहुतेकींचं तेव्हाच."

आईनं पट्टी खाली ठेवली. पडद्यापलीकडे बाबा मशीनवर गाणं गुणगुणत होते, तिकडे तिनं एकदा पाहिलं. "नवरा मेल्यावर नाव भेटते? मग राहू दे बाई. मले दामोदर पाहिजे, नाव नाही पाहिजे," म्हणाली, आणि अशी खदखदून हसली की केसच्या कोपऱ्यातले काना-मात्रांचे खिळे टणटण करत खाली सांडले. आम्ही दोघी जमिनीवर बसून ते वेचत होतो आणि हसत होतो. बाबा येऊन विचारून गेले, काय झालं, तर आणखीच हसू.

पण चारच दिवसांनी मी कॉलेजातून लवकर आले तेव्हा आई एकटी केसपुढे उभी होती. यादी नव्हती, पान नव्हतं. तिनं पट्टीत सातआठ खिळे लावले, खिडकीच्या उजेडात धरले आणि नुसती बघत राहिली. मी मागून वाचलं, तिचंच नाव. "सौ. वत्सला". मग एकेक खिळा काढून तिनं आपापल्या घरात परत टाकला. सगळे खिळे गेल्यावर पट्टी पदराला पुसली आणि भाजी चिरायला गेली. तिला नाव पाहिजे होतं. जिवंत, धडधाकट, गाणं गुणगुणणाऱ्या नवऱ्यासकट पाहिजे होतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात बोरगावच्या तात्यांचं काम आलं. तात्यांच्या संत्र्याच्या बागा, एकुलत्या लेकीचं लग्न, सौंसरला मोठा मांडव. पाचशे कागद छापायचे होते, आणि तात्या जाता जाता बाबांना म्हणाले, "कविराज, या वेळी मांडवात तुमचा सत्कार. शाल-नारळ. नाही म्हणू नका!" बाबा लाजले. मी स्वयंपाकघरात हातातला पेला आपटला. एकदा ती शाल साऱ्या पंचक्रोशीसमोर बाबांच्या अंगावर पडली की आईच्या कविता कायमच्या बाबांच्या झाल्या, मग कुणाच्या बापाला काही बदलता येणार नव्हतं. म्हणजे नाव यायचं तर याच कागदावर.

दुपारी आई-बाबा पडदा सोडून जेवायला बसले. प्रूफ तपासून झालेलं, पान चौकटीत आवळून दगडाच्या टेबलावर तयार होतं. मी पट्टीत ओळ जुळवली, "रचना व जुळणी : सौ. वत्सला". आता इथे थोडं समजून घ्या. दगडावर पान ठेवताना त्याचा माथा जुळाऱ्याच्या पोटाकडे असतो आणि तळ पलीकडे. तळाची ओळ घालायची म्हणजे लांबच्या कडेला घालायची, हे माझ्या हाताला पाठ होतं. पण रोजच्या बाजूला उभी राहिले असते तर माझी पाठ पडद्याकडे आली असती. म्हणून मी समोरच्या बाजूला गेले, पडद्यावर नजर ठेवून, हसू दाबून, आतून आईचा आवाज, "शालू, येतं का जेवाले?" मी चौकट सैल केली, लांबच्या कडेची जागा भरणारी कोरी पट्टी काढली, ओळ घातली, आवळली आणि पळाले. बाबांनी जेवून उठून पान मशीनवर चढवलं. मशीन चालवताना ते चष्मा कधी लावत नसत. शाई सारखी बसली की नाही हे त्यांना कागद नुसता तिरका धरून कळे. मी संध्याकाळपर्यंत मैत्रिणीकडे दडून बसले आणि आले तेव्हा गठ्ठे सुतळीनं बांधून तयार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सौंसरच्या बसमध्ये आम्ही तिघं. गठ्ठा बाबांच्या मांडीवर. मी खिडकीशी, स्वतःवर भयंकर खूष.

"या वेळी वर नक्षी बरी टाकली तुझ्या मायनं," बाबा मला म्हणाले.

"कोणती नक्षी?" आई.

"ते वरची. गणपतीच्या वर बारीक वेल हाये न."

"मी वेल टाकली नाही."

"अवं, मी पाचशे कागद छापले! वेल हाये."

"तुमचा चष्मा कुठी हाये?"

"घरी."

"मग तुमाले माकड बसलं असतं तरी वेल दिसली असती!"

ते दोघं जामसांवलीपर्यंत त्या वेलीवर भांडत होते. मी हळूच गठ्ठ्याच्या कोपऱ्यात बोट घालून वरचा कागद उचकटला. देवा रे! आईचं नाव तळाशी नव्हतंच. ते होतं सगळ्यात वर, "श्री गणेशाय नमः"च्याही वर, आणि पूर्ण उलटं, डोकं खाली पाय वर. समोरच्या बाजूला उभी राहिले होते ना मी. माझी लांबची कड म्हणजे पानाचा माथा! जामसांवलीला बस थांबली तेव्हा मी खिडकीतूनच हनुमानाला हात जोडले की मारुतीराया, वाटेत टायर पंक्चर कर. त्यानं माझं ऐकलं नाही. बस वेळेच्या आधी पोचली.

मांडवात गुलाबी कागद वाटले गेले. मी खांबाआडून बघत होते. आधी एका काकांनी कागद हातात घेतला, कपाळाला आठी घातली आणि कागद फिरवला. मग शेजारच्यानं फिरवला. मग बायकांच्या बाजूला एकीनं, दुसरीनं, आणि बघता बघता पाचशे गुलाबी कागद मांडवभर गरागरा फिरू लागले. तळाशी बारीक अक्षरात नाव असतं तर कुत्र्यानं वाचलं नसतं हो! उलटं होतं म्हणून प्रत्येकानं वाचलं, मोठ्यानं वाचलं. "रचना सौ. वत्सला? म्हणजे कविता बाईनं केली काय?" "कोण वत्सला?" "अवं, कविराजाची बायको!" बाबांना कळेना लोक त्यांच्याकडे असे का बघताहेत. आईनं कागद हातात घेतला, न फिरवताच वाचला, आणि पदर तोंडाला लावला. ती रडतेय की हसतेय मला कळेना.

तेवढ्यात तिकडे नवऱ्याची आत्या कडाडली. इंदिराआत्या. तिचं नाव यादीतच द्यायचं राहिलं होतं. "साऱ्याईचं नाव हाये, त्या भाचीच्या दिराचं हाये, माझंच काऊन नाही? मी चालली परत!" आणि ती खरंच चपला शोधू लागली. मुहूर्त दारात, भटजी घड्याळ बघताहेत, अंतरपाट धरलेला, आणि आत्या चपलेत. तात्या धावत बाबांकडे आले, हातात शाल तशीच. "कविराज, एक कडवं करा तात्काळ. आत्याबाईचं नाव बसवा, मी हात जोडतो." कोणी तरी माईक बाबांच्या तोंडाशी धरला.

बाबांना घाम फुटला. त्यांनी एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा शालीकडे, मग हातातला कागद डोळ्यांपासून लांब धरून, डोळे बारीक करून, हळूहळू फिरवला. नक्षी वाचली. खूप वेळ वाचली. मग माईकमधून साऱ्या मांडवाला ऐकू गेलं, "वत्सला, आत्याबाईचं नाव बसव." नुसतं "वत्सला". घरात त्यांनी तिला "शालूची माय" सोडून कधी हाक मारलेली मी ऐकली नव्हती. पुढे म्हणाले, "मी कविराज नाही तात्या. छापतो मी. करते वत्सला." बाबांना कविता येत असती तर ते खरं बोलले असते का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायचं नसतं.

आई उभी राहिली. तिच्या कपाळावर मला दिसलं, नुसता भाजीचा हिशोब चाललाय. मग तिनं डावा हात पोटाशी धरला, पट्टी धरतात तसा, रिकामाच. डोळे अर्धे मिटले. आणि उजवा हात हवेत केसवरून फिरायला लागला, इथून टिप, तिथून टिप, वरच्या घरातून, कोपऱ्यातून. लहान पोरं फिसकन हसली, त्यांना कोणी तरी दटावलं. शेवटचा खिळा लावल्यासारखा अंगठा दाबून तिनं डोळे उघडले आणि म्हटलं,

"आशीर्वाद तुला भरून दिधला, आत्या उभी इंदिरा."

आत्या चपलेतून पाय काढून उभी राहिली. खरंच उभी राहिली, ओळीत म्हटल्यासारखी! मांडव असा फुटला टाळ्यांनी की भटजींना सावधान दोनदा म्हणावं लागलं. तात्यांनी शाल आईच्या खांद्यावर टाकली, उन्हाळ्यातली गरम लोकरी शाल, आणि ती बाई ती शाल पांघरूनच बुंदीच्या पंगतीला बसली, घामानं थबथबलेली, काढायला तयार नाही. मी तिच्या शेजारी बसून इतकी बुंदी खाल्ली की परतीच्या बसमध्ये वाकता येईना. आनंदानं खाल्ली, उगाच कशाला खोटं बोलू.

परतताना तिनं कागद माझ्यापुढे धरला. "पलीकडच्या बाजूनं उभी होतीस."

"हो."

"चौकट सैल आवळली. मशीनवर ओळ सुटून पडली असती तर दामोदरचं बोट गेलं असतं." मग खिडकीबाहेर बघत, "पण ओळ सरळ लावली वं पोरी. अक्षर एकबी वाकडं नाही." आमच्या घरात याहून मोठं कौतुक कोणी कोणाचं केलेलं मी ऐकलं नाही. पलीकडे बाबा झोपलेले नव्हते, नुसते डोळे मिटून होते, मिशी हलत होती.

पुढची गंमत म्हणजे गिऱ्हाइकं येऊन सांगू लागली, "वहिनीचं नाव उलटं पाहिजे, तात्याच्या लग्नासारखं. शकुनाचं हाये." पुढची कितीतरी वर्षं आईचं नाव पांढुर्णा-सौंसरच्या लग्नांत गणपतीच्या डोक्यावर उलटं बसलं आणि बाबांचं मुद्रक म्हणून खाली सुलटं. मॅडमना मी एक कागद दिला तेव्हा त्या दुसऱ्या दिवशी येताना गाडीत तो फिरवून वाचता वाचता पुन्हा तिगावला जाऊन उतरल्या.

बाबा गेले तेव्हा मी शिक्षिका झाले होते, छापखाना मोडकळीला आला होता. तेराव्यानंतर एका ओळखीच्या घरचं लग्नाचं काम आलं, त्याला आई नाही म्हणाली नाही. मी मदतीला गेले. तिनं कविता जुळवली, वरची तिची ओळ उलटी बसवली, "सौ." तेवढं काढलं, आणि खालची "मुद्रक : दामोदर" ही ओळ तशीच राहू दिली. मी म्हटलं, "आई, आता तिथं तुझं नाव टाकायला पाहिजे. मॅडमनी सांगितलेलं आठवतं ना, त्या विलायतेच्या विधवा बायका?"

तिनं चौकट आवळली. दोनदा आवळली. "त्याईले नवरा गेल्यावर भेटलं," ती म्हणाली. "मले ते असतानाच भेटलं, त्याईच्याच तोंडून. राहू दे त्याईचं नाव तिथं."